शहाणीच्या पोटाला लावलेला कान

तीर्थस्वरूप अक्का हिला,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात अर्धाच घातला आहे, उरलेला मनातला धरावा). तुझा नवा गुडघा कसा आहे? वाकतो का, की अजून आपल्या थोरल्या आत्यासारखा ताठच आहे? चालताना त्यातून आवाज येतो का? येत असला तर फोन गुडघ्याला लावून मला ऐकव. नुसती कटकट असेल तर काळजी नाही, नव्या मालात थोडी असतेच, वापरून जाते. घरघर असेल तर मात्र डॉक्टरांच्या कानावर घाल. माणसाच्या गुडघ्यात आणि मोटरच्या बेअरिंगमध्ये मला तरी मोठा फरक दिसत नाही. दोन्ही गोष्टी बिघडायच्या आधी बोलतात, ऐकणारा पाहिजे.

पत्रास कारण चार पायांचं आहे. तुझी शहाणी व्याली. ती सुखरूप आहे, खाते आहे, आणि माझ्याकडे पूर्वीइतक्याच तुच्छतेनं बघते आहे. हे आधी लिहून टाकलं, कारण पाकीट फोडल्याबरोबर तू तेच शोधणार आणि माझ्या बाकीच्या मजकुराची माती होणार. फोनवर सांगता आलं असतं, पण तुझा फोन तुझी लेक उचलते आणि 'मामा, आईला ताण देऊ नका' म्हणून मलाच ताण देते. शिवाय फोनवर तू मधेमधे बोलतेस. कागदावर मला शेवटपर्यंत बोलू देण्यावाचून तुला गत्यंतर नाही.

आता या बाळंतपणाचा खरा खर्च काय आला तो एकदाच सांगतो, म्हणजे पुढे कोणी तुला कमीजास्त सांगितलं तर ताळा पाहता येईल. माझा एक सदरा. एक जुनी चादर, जी जुनी नव्हती असं मला मागाहून कळलं. समोरच्या सलूनवाल्याचा एक कोरा ब्रश. त्याच्या एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी. एक आख्खा दिवस बंद पडलेलं दुकान. वाटीभर गोडं तेल (हे तुझ्या भावजयीनं खांद्यावरून वाचून आत्ता घालायला लावलं). आणि गल्लीभर मिरवलेली माझ्या कानांची अब्रू. शेवटची बाब सोडली तर बाकी सगळं भरून निघण्यासारखं आहे.

तुला आठवत असेल, दवाखान्यात जायच्या आधी तू शहाणीची दोरी माझ्या हातात दिलीस आणि हसत म्हणालीस, "ही धड व्याली तर परत येईन बाबा. नाहीतर लेकीकडेच राहते, तिथं लिफ्ट आहे." सगळे हसले. मीही हसलो. पण तुझ्या भावाचे कान किती तिखट आहेत हे तुला ठाऊक आहे. त्या हसण्याच्या खालून आणखी एक आवाज येत होता, चांगल्या चालत्या मोटरीत खोल कुठंतरी एखादा स्क्रू सुटलेला असावा तसा. मेहुण्यांच्या मागे त्या घरात तुझ्याशी भांडायला एक शेळीच उरली होती, हे मला कोणी सांगायला नको. म्हणून दोरी हातात घेतली ती अशी घेतली, की तुझ्या भावजयीनं विचारलं, "अहो, शेळी आणलीत की तिजोरी?"

भावजयीचं आणि शहाणीचं सख्य विळ्या-भोपळ्याचं, हे तुला लिहायला नको. आल्या आल्या तिनं खिडकीच्या पडद्याची कड खाल्ली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरचे शेवटचे महिने खाल्ले, त्यामुळे आमच्याकडे वर्ष लवकर संपलं. मग भावजयीची चप्पल, फक्त डावी, म्हणजे उजवी बघून रोज आठवण व्हावी. भावजय तिला 'तुमची बहीण' म्हणते. ('तुमची बहीण भिंतीला अंग घासतेय', 'तुमच्या बहिणीनं पाण्याची बादली कलंडवली.' हे तुझ्याबद्दल नाही हे मला कळतं, गल्लीला कळत नाही.) शेवटी शहाणीला मागच्या खोलीत हलवलं. ती खोली तू पाहिली आहेस: जळक्या मोटरींचा ढीग, तांब्याच्या तारेची गुंडाळी, आणि पलीकडून भिंतीला लागून पिठाची गिरणी. मोटरी शहाणीला आवडल्या. खाता येत नाहीत म्हणून असेल, पण त्यांचा ती मान राखते.

तर त्या दिवशी सकाळी तिनं चाऱ्याला तोंड लावलं नाही. पायानं जमीन उकरायची, बसायची, उठायची, मागे वळून आपल्याच पोटाकडे असं बघायची, जणू तिथं कोणीतरी न विचारता राहायला आलं आहे. मी ताबडतोब तपासणी केली. आमच्या धंद्यातली पद्धत तुला माहीत आहे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरीच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाच्या हाडावर दाबायची आणि डोळे मिटायचे. आतला सगळा संसार ऐकू येतो. मी शाळेत फार टिकलो नाही, पण या स्क्रूड्रायव्हरवर धंदा उभा केला, आणि शिकलेले इंजिनियर लोक पंप उचलून माझ्याकडे आणतात. तेव्हा टोकाला कापूस गुंडाळून तेच शहाणीच्या पोटाला लावलं. ती गिरणीच्या भिंतीला टेकून उभी होती. डोळे मिटले आणि आतून साफ आवाज आला: धप, धप, धप, धप. एकसारखा, दमदार, कुठं चूक नाही. मी उठून जाहीर केलं की एकच करडू आहे, तब्येतीनं दणकट आहे, आणि ठोक्यावरून नर असावा.

ही बातमी समोरच्या सलूनवाल्यानं ऐकली. (त्याला बातमी ऐकायला स्क्रूड्रायव्हर लागत नाही.) तो वस्तरा हातात घेऊनच आला, आणि त्याच्या मागून, बहुधा वस्तरा कुठं चाललाय ते बघायला, गालाला फेस लावलेले एक गृहस्थ आले. त्यांची उजवी बाजू झाली होती, डावी राहिली होती. हे गृहस्थ कोण, कुठले, आम्ही अजून विचारलेलं नाही. आमच्यात त्यांचं नाव फेसवाले असंच पडलं आहे. त्यांनी शहाणीकडे पाहिलं आणि म्हणाले, "पहिलटकरीण दिसते." मी म्हटलं, तिसरी खेप आहे. ते म्हणाले, "चेहऱ्यावरून वाटत नाही." शहाणी त्यांच्यावर तेव्हापासून खूष आहे.

मग सुरू झालं वाट बघणं. अक्का, मी आयुष्यात पुष्कळ गोष्टींची वाट पाहिली आहे, पण एवढ्या रेंगाळत आलेलं काही पाहिलं नाही. कळ यायची, ती अंग ताठ करून ओरडायची, आम्ही सगळे श्वास धरायचो, आणि कळ निघून जायची. पुन्हा तेच. मी सांगत होतो की मोटरसुद्धा थंड असली की एकदम वेग घेत नाही, जरा तापू द्या. भावजय दारातून म्हणाली, "अहो, ती मोटर नाही, बाई आहे. डॉक्टरांना फोन लावा." त्या दिवशी पहिल्यांदा तिनं शहाणीला 'तुमची बहीण' म्हटलं नाही, हे माझ्या कानांनी टिपून ठेवलं.

जनावरांचे डॉक्टर लांबच्या गोठ्यांत लशी टोचायला गेले होते, संध्याकाळशिवाय येण्यासारखे नव्हते. पण माणूस भला. म्हणाले, फोन चालू ठेवा, मी सांगतो तसं करा. उंटावरून शेळ्या हाकणं ही म्हण मी जन्मभर वापरली, प्रत्यक्ष त्या दिवशी बघितली. मी आधी माझं निदान त्यांना सांगितलं. त्यांनी हळूच विचारलं, "मिस्त्री, स्क्रूड्रायव्हर कुठं लावलात?" मी म्हटलं, बाहेरून. ते म्हणाले, "मग ठीक आहे."

तेवढ्यात एक इवला खूर दिसला आणि त्याच्यावर नाकाचा शेंडा. डॉक्टर म्हणाले, पुढचे दोन पाय आणि नाक असं तिन्ही बरोबर यायला हवं, एकच पाय असेल तर दुसरा आत मुडपला आहे. कुणीतरी हात स्वच्छ धुऊन, तेल लावून, कळ ओसरली की करडाला हलकेच मागे सारायचं, मुडपलेला पाय शोधायचा आणि खूर मुठीत झाकून पुढे आणायचा, म्हणजे आतून इजा होणार नाही. मी बाह्या सारल्या आणि ग्रीसचा डबा ओढला. भावजयीनं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वयंपाकघरातून तेल आणलं. मग सगळ्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. तुला माझा हात माहीत आहे. लहानपणी तूच म्हणायचीस की हा हात नाही, पाटा आहे. सलूनवाल्याचा हात चालला असता, पण त्याला रक्ताची भीती वाटते (ज्याच्याकडे मी गळा देऊन बसतो त्याच्याबद्दल हे मला इतक्या वर्षांनी कळलं). फेसवाले शहाणीची शिंगं धरून बसले होते. भावजयीनं पदर खोचला आणि मला म्हणाली, "सरका."

मी सरकलो. पण नुसता सरकलो असं समजू नकोस. फोन मी धरला होता आणि डॉक्टरांचं प्रत्येक वाक्य मी मोठ्यानं पुन्हा म्हणत होतो. (फोन स्पीकरवर होता, सगळ्यांना ऐकू येत होतं, तरी मार्गदर्शन ते मार्गदर्शन.) भावजय डोळे मिटून चाचपत होती, मी स्क्रूड्रायव्हर लावून ऐकतो अगदी तशी. मग म्हणाली, "गुडघा लागला." थोड्या वेळानं, "खूर आला." पुढची कळ आली, तिनं खालच्या अंगाला ओढ धरली आणि एक तपकिरी, ओलंचिंब, लांब पायांचं करडू चादरीवर सांडलं. आणि तसंच पडून राहिलं. तोंडावरचा चिकटा मी पुसला, अंग घसाघसा चोळलं, पण श्वास नाही. मला दुकानातला धूळ उडवायचा ब्लोअर सुचला होता, पण बोललो नाही. डॉक्टर म्हणाले, नाकात काडी घालून शिंक आणवा. तिथं तांब्याची तार मुबलक, काडी एकही नाही. सलूनवाला धावत जाऊन एक कोरा ब्रश घेऊन आला आणि त्याचे केस करडाच्या नाकात फिरवले. करडू असं शिंकलं, की फेसवाल्यांचा वाळलेला फेस उडाला. "हा ब्रश आता माझ्यावर नको," एवढंच ते म्हणाले.

झालं. मी म्हटल्याप्रमाणे एक करडू, म्हटल्याप्रमाणे नर. तुझा भाऊ त्या घटकेला गल्लीत कुणाला ऐकण्यासारखा नव्हता. मी हात धुतले, फोन ठेवला, सलूनवाल्याला स्क्रूड्रायव्हर कसा धरायचा ते दाखवू लागलो. शहाणीनं करडू चाटलं, थोडं चाटलं, आणि त्याच भिंतीला पाठ टेकून आडवी झाली. मधेच अंग ताठ करायची. मी म्हटलं, वार पडायची असेल. भावजय म्हणाली, पोट अजून कठीण लागतंय. मी म्हटलं, माझ्या कानांनी ऐकलंय, एकच आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाठ करून पुन्हा शहाणीच्या पोटावर हात ठेवला.

शहाणीनं ओरडणं बंद केलं. इथं मला पहिल्यांदा भीती वाटली. आवाज करणारं यंत्र दुरुस्त होतं. गप्प बसलेलं यंत्र आपण उघडून बघतो आणि बहुतेक वेळा आत जळालेलं असतं. ती दात खात होती आणि डोळे कुठंच बघत नव्हते. मी खाली बसलो, तिचं डोकं मांडीवर घेतलं. तुझी ती लिफ्टची गोष्ट मला एकसारखी आठवत होती. मी तिच्या कानात काय म्हणालो ते इथं लिहीत नाही; तिलाही कुणाला सांगू नको म्हणून बजावलं आहे.

मग पुन्हा स्क्रूड्रायव्हर लावला. धप, धप, धप. तोच आवाज, तसाच दमदार. करडू तर बाहेर येऊन उभं राहायची खटपट करत होतं, मग आत कोण वाजतंय? मी ओरडलो की अजून एक आहे, मी सांगत होतोच. (होय, असंच म्हणालो. साक्षीदार आहेत.) भावजयीनं पुन्हा हात धुवायला घेतले, मी डॉक्टरांना पुन्हा फोन लावला आणि कान तसाच दाबून ठेवला. आणि अक्का, तो आवाज थांबला. एकदम. धप, धप, आणि मग काही नाही. मी म्हणालो, गेलं. संपलं. ठोके बंद झाले. सलूनवाल्यानं टोपी काढली. फेसवाल्यांनी मान खाली घातली. भावजय तेल लावता लावता थांबली, जरा कान देऊन ऐकल्यासारखं केलं, आणि म्हणाली, "अहो, गिरणी बंद झाली. जेवायला गेले ते."

भिंतीला टेकलेल्या शहाणीच्या अंगातून सकाळपासून मी पिठाची गिरणी ऐकत होतो. त्या गिरणीचा आवाज आम्हाला इतका अंगवळणी पडलाय, की नुसत्या कानाला तो येतच नाही. स्क्रूड्रायव्हर लावला की तेवढाच येतो. फोनवर डॉक्टर होते. ते हसले नाहीत, याबद्दल त्यांच्या घरच्या सगळ्या मोटरी मी यापुढे फुकट करून देणार आहे. (ही गिरणीची गोष्ट तुझ्या-माझ्यात. गल्लीत माहीत आहे, पण तू ऐकलीस तर नव्यानं ऐकल्यासारखं कर.)

पण आत करडू होतंच, भावजयीच्या हाताला लागलं. पाय होते, डोकं नव्हतं, आणि खुरांचे तळवे वरच्या बाजूला. डॉक्टर म्हणाले, मागचे पाय पुढे आले आहेत, आता थांबू नका, एकदा कंबर बाहेर आली की चटकन ओढून घ्या, नाहीतर आत गुदमरेल. या वेळी मी मार्गदर्शन केलं नाही. शहाणीचं डोकं धरून बसलो. भावजय तिला म्हणत होती, "चल गं बाई, आणखी एकदा. एवढं कर. माझी उजवी चप्पलपण देते तुला." कळ आली, क्षीण होती, पण आली. भावजयीनं ओढलं आणि पांढऱ्या तोंडाचं एक करडू बाहेर आलं, शिंकायचीही वाट न बघता बें बें करत. आणि त्याच वेळी मला सदऱ्याला हिसका बसला. मांडीवर डोकं ठेवून शहाणी माझा खिसा चावत होती. अक्का, कुठल्याही बिघडलेल्या वस्तूला पुन्हा वीज आल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. मी तिला सगळा खिसा खाऊ दिला.

त्यानंतर भावजयीनं नाळेला औषध लावलं, दोघांच्या तोंडात सड धरून पहिला चीक पाजला, शहाणीपुढं कोमट पाणी ठेवलं, आणि आम्ही सगळे दुकानाच्या पुढच्या बाजूला चहा घ्यायला आणि श्रेयाची वाटणी करायला बसलो. सलूनवाल्याचं म्हणणं, ब्रश नसता तर काय केलं असतं. फेसवाल्यांचं म्हणणं, शिंगं धरणं हे दिसतं तेवढं सोपं नाही. भावजय हात धूत होती. मी मात्र सगळ्यांना स्पष्ट सांगितलं, आणि तुलाही सांगतो, की मी तिथं नसतो तर या घरात एकही करडू जन्माला आलं नसतं. फोन कोणाचा? खोली कोणाची? दुसरं आत आहे हे ऐकलं कोणी? (चुकून का होईना, ऐकलं.) वाद बराच वेळ चालला. चहा दोनदा झाला. फेसवाल्यांची डावी बाजू मात्र तशीच राहिली.

तर अशी हकीकत. शहाणी सहपरिवार खुशाल. तू पथ्यपाणी सांभाळ, व्यायामाला कंटाळू नकोस. लेकीला आशीर्वाद, जावयांना नमस्कार, गुडघ्याला माझी विचारपूस.

तुझा,
धाकटा

ता. क. भावजयीनं लिहायला सांगितलं आहे की पांढऱ्या तोंडाचं करडू कुणाला द्यायचं नाही, तूसुद्धा नाही. तिनं त्याला उजवी चप्पल खरंच दिली आहे.

ता. क. २. खरं कारण आता लिहितो. तुझ्या लेकीचा परवा मला फोन आला होता. म्हणाली, "मामा, आई आता इथंच राहील, शेळी व्याली की विकून टाका, आणि आईला इतक्यात सांगू नका." मी म्हटलं, ऐकू येत नाही, आवाज फार तुटतोय. तिनं तीन वेळा सांगितलं, मी तिन्ही वेळा बहिरा झालो. पोर वाईट नाही, तुझ्या काळजीनंच बोलते. पण तिला शब्द द्यायच्या आधी हे पत्र तुला मिळावं म्हणून घाई केली. अट तू घातली होतीस. ती पुरी झाली आहे. त्या घरात एकटी नको, इथं आमच्याकडेच राहा. मागच्या खोलीतल्या मोटरी हलवल्या, उंबरा काढून उतार केला, तुझी जुनी खाट पाय लावून उंच केली, म्हणजे गुडघ्याला त्रास नको. गिरणीचा आवाज येतो, पण सवय होईल, मला झाली आहे. आमच्याकडे लिफ्ट नाही, मजलाही नाही. कधी येतेस ते कळव, गाडी घेऊन मी स्वतः येतो.

ता. क. ३. हे पत्र भावजयीनं वाचलं आणि म्हणाली, सगळं खरं लिहा, अक्कांना आल्यावर दिसणारच आहे. म्हणून लिहितो. करडं तीन आहेत. तिसरं झालं तेव्हा आम्ही सगळे पुढे चहा पीत होतो.